‘येते’ म्हणायची चोरी

मालिका सुरू व्हायची वेळ झाली की सासूबाई सगळ्या घराला गप्प करायच्या.

"शू! थांबा जरा. सुनेचं येतंय."

सुनेचं म्हणजे काय, तर पडद्याच्या तळाशी सरकत जाणारी एक बारीक पट्टी. ‘या भागातील काही दृश्ये संवेदनशील प्रेक्षकांना विचलित करू शकतात. लहान मुलांनी पाहू नये.’ चहाचा एक घोट घशाखाली उतरेपर्यंत ती पट्टी संपायची. ती वाचायच्या भानगडीत कुणी पडत नसे. लोक तेवढ्यात उशी पाठीशी ओढून घेत, पंखा वाढवत, पोरांवर खेकसत. सासूबाई मात्र चष्मा पदराला पुसून, ओठ हलवत, पहिल्या शब्दापासून शेवटच्या टिंबापर्यंत वाचायच्या आणि मागे वळून म्हणायच्या, "छान लिहिलंयस गं."

"आई, कालचंच आहे ते. फक्त ‘रक्तपात’ घातलंय नवीन."

"असू दे. रक्तपातसुद्धा नीट लिहावा लागतो."

सून एका वाहिनीच्या कचेरीत कामाला होती. एका काळोख्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसायचं, प्रत्येक भाग लोकांच्या आधी बघायचा, आणि त्यात माणसाला त्रास होईल असं काय काय आहे ते शोधून पट्टी लिहायची, हे तिचं काम. कचेरीत तिला सगळे ‘इशारेबाई’ म्हणत. आधी चेष्टेने म्हणत, मग तेच नाव चिकटलं. आपणही तेच घेऊ.

सासूबाईंना साऱ्या इमारतीत ‘सिस्टर’ म्हणत. मुलगा कडेवर असताना नवरा गेला, आणि त्यानंतरचं उभं आयुष्य बाईंनी इस्पितळाच्या वॉर्डात काढलं. निवृत्त झाल्या तरी पाय घरात ठरत नव्हता. सकाळी निळी कापडी पिशवी खांद्याला अडकवायची आणि कुणाचं इंजेक्शन, कुणाचं ब्लडप्रेशर, कुणाची मलमपट्टी, असं करत जिन्याने वरखाली हिंडायचं. निघताना पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून पेशंटच्या पायाचा अंगठा हलकेच दाबायचा आणि म्हणायचं, "येते हं."

पेशंट म्हणायचा, "या."

आता यात काय विशेष? काहीच नाही. आपल्याकडे निघणारं माणूस ‘जातो’ म्हणतंय कुठे? आजारी माणसासमोर तर नाहीच नाही. पण सिस्टरच्या तोंडचं ‘येते हं’ जरा वेगळं होतं. पडून राहिलेल्या माणसाला त्यात उद्याची खात्री मिळायची. तळमजल्यावरचे मास्तर तर म्हणायचे, "सिस्टर, तुमचं औषध लागू पडतं की नाही ते डॉक्टर जाणे. मला तुमचं ‘येते हं’ लागू पडतं."

मास्तर म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांना मधुमेह होता आणि उजव्या पायाच्या तळव्याला एक जखम झाली होती, जी काही केल्या भरत नव्हती. मुलगा ट्रक घेऊन कायम बाहेर. सून घरीच शिवणकाम करायची, म्हणून तिला सगळे शिंपीण म्हणत. शिंपीण बिचारी मशीन चालवणार, घर चालवणार की सासऱ्याची जखम धुणार? ते काम सिस्टरनी आपणहून अंगावर घेतलं होतं. रोज सकाळी पट्टी सोडायची, जखम स्वच्छ करायची, नवी बांधायची, मास्तरांची ओरड ऐकून घ्यायची, "येते हं" म्हणायचं. असं वर्षभर चाललं होतं आणि जखम हळूहळू का होईना, बुजत आली होती.

मग ती मालिका आली.

इशारेबाईने पहिला भाग काळोख्या खोलीत एकटीने पाहिला. एक मोठं घर. घरात आजारी माणूस. दारात एक वयस्कर बाई येते, नवरा गेलेली, गोड बोलणारी. आजाऱ्याचं डोकं चेपते, औषध पाजते. घरातले तिला ‘काळजीवाली’ म्हणतात. मग ती उठते, दारापर्यंत जाते, मान तेवढी मागे वळवते, आणि बारीक आवाजात म्हणते, "येते हं." दिवा विझतो. दुसऱ्या दिवशी तो माणूस मेलेला असतो. कारण काय, तर हिचा नवरा मेला, म्हणून हिला दुसऱ्यांचीही माणसं हवीत.

इशारेबाईने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. भुताखेताची तिला भीती नव्हती. रोज इतकी मुंडकी उडताना बघायची तिला सवय होती. पण हे ‘येते हं’ ऐकून तिला आपल्या सासूबाई आठवल्या. ती तडक साहेबांकडे गेली.

साहेब म्हणजे हसतमुख गृहस्थ. कुठल्याही तक्रारीवर आधी खुर्ची देत. शेजारी मालिकेचा लेखक बसला होता, कोवळा मुलगा, कानात डूल.

"बोला इशारेबाई. कसा वाटला? काटा आला ना अंगावर?"

"साहेब, रक्ताचं लिहिते मी. गळा दाबण्याचंही लिहिते. पण यात खरं त्रासदायक काय आहे सांगू? नवरा गेलेली बाई म्हणजे अपशकुनी, हे. त्याचं काय लिहू?"

साहेबांनी लेखकाकडे बघितलं. लेखकाने भुवया वर केल्या.

"त्याने कोण विचलित होणार?" साहेबांनी अगदी मनापासून विचारलं.

"ज्यांच्या घरात अशी बाई आहे ते."

"मॅडम, माझी स्वतःची आजी विधवा आहे," लेखक म्हणाला. "तिला तर फार आवडला भाग. दोनदा बघितला तिने."

"आणि ते ‘येते हं’? ते तरी बदला हो. प्रत्येक घरातली बाई म्हणते ते."

"तेच तर!" लेखक खुर्चीतून उठलाच. "प्रत्येक घरात म्हणतात, म्हणून तर भीती वाटते. तो माझा मास्टरस्ट्रोक आहे."

इशारेबाई खाली आली आणि तिने लिहिलं, ‘या भागातील काही दृश्ये संवेदनशील प्रेक्षकांना विचलित करू शकतात.’ संध्याकाळी सासूबाईंनी ते ओठ हलवत वाचलं आणि म्हणाल्या, "छान."

मालिका तुफान चालली. सुरुवातीला सिस्टर स्वतः आवडीने बघायच्या. काळजीवाली आली की हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. "अगं, ही बया औषध पाजते ते बघ. पेशंट भुताने नाही, ठसका लागून मरेल." त्यांचा मुलगाही हसायचा. इशारेबाईला मात्र हसू येत नव्हतं. जिन्यात पोरं कोपऱ्यात दबा धरून बसायची आणि कुणी आलं की बारीक आवाजात ओरडायची, "येते हं!" सिस्टर पण मग खोट्या खोट्या दचकायच्या. पोरं खिदळत पळायची.

मग एक दिवस त्या पोरांजवळून जाताना सवयीने, खरंखुरं म्हणाल्या, "येते हं रे," आणि त्यातली एक मुलगी किंचाळली. नुसती नाही, भोकाड पसरून रडायला लागली. तिची आई बाहेर आली, मुलीला उचललं आणि सिस्टरकडे न बघता दार लावून घेतलं.

त्याच आठवड्यात पहिल्या मजल्यावरच्या आजी गेल्या. आजींचं हृदय कित्येक वर्षं कुरकुरत होतं. डॉक्टरांनी केव्हाच हात टेकले होते. पण आदल्या दिवशी सिस्टर त्यांचं ब्लडप्रेशर बघायला गेल्या होत्या, आणि निघताना त्यांनी अंगठा दाबून जे म्हणायचं ते म्हटलं होतं. घरात तेव्हा चारदोन बायका बसल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं होतं.

झालं! एवढं पुरलं.

उघड कुणी काही बोललं नाही, हे ध्यानात घ्या. उघड बोलले असते तर भांडता आलं असतं. सगळे शिकलेले, सगळे समजूतदार. मळमळ होते म्हणून लिंबू शोधावं तसं प्रत्येक जण एक सौम्य शब्द शोधून आणायचा. "सिस्टर, राग मानू नका हं," दुसऱ्या मजल्यावरची बाई म्हणाली. तिच्या नवऱ्याचा पाय प्लास्टरमध्ये होता. "तुम्ही कधीही या. हे घर तुमचंच आहे. फक्त निघताना ते म्हणू नका."

"कोणतं?"

"तेच हो."

"कोणतं तेच? ‘येते’?"

बाई एवढी दचकली की तिच्या हातातला पेला डचमळला.

सिस्टर घरी येऊन आधी हसल्या. मग चष्मा काढून बसल्या. "आता काय म्हणायचं मी? ‘जाते’ म्हणू? प्लास्टरमधल्या माणसाच्या पायथ्याशी उभं राहून ‘जाते’ म्हणू?"

"‘बाय’ म्हण की," मुलगा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी म्हणून बघितलं. "बाय हं." प्लास्टरवाल्याला एवढं हसू फुटलं की पाय दुखायला लागला. मग त्यांनी ‘बरं मग’ करून बघितलं, ‘काळजी घ्या’ करून बघितलं, तर ‘काळजी’ शब्दाने आणखीच घोळ झाला. शेवटी त्यांनी काहीच न बोलता निघायला सुरुवात केली. पिशवी उचलायची, मान हलवायची, बाहेर. त्यावर काय ऐकू आलं माहीत आहे? "येते कधी, जाते कधी, पत्ताच लागत नाही. अगदी त्या काळजीवालीसारखी."

बोलली तरी चोरी, गप्प राहिली तरी चोरी. इशारेबाईचा नुसता जळफळाट व्हायचा. ती नवऱ्यापाशी बोलायची, तर तो म्हणायचा, "अगं, चार दिवस बोलतील आणि विसरतील." नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांना बाहेरून ओरडून सांगायचा, "घाबरू नका, काही होत नाही!" घरातही त्याला तेवढंच येत होतं.

"लिफ्टमध्ये तुझी आई अडकलीय," ती चिडून म्हणाली. "दार कधी उघडणारेस?"

तो टॉवेल घेऊन आंघोळीला गेला.

एकेक घर गळालं. कुणी म्हणालं, आता दवाखान्यातच जातो. कुणी म्हणालं, सिस्टर, तुम्हाला किती त्रास द्यायचा. मास्तरांचं घर मात्र राहिलं होतं, आणि त्या एका घरावर सिस्टर तग धरून होत्या. सकाळी उठून पिशवी भरायला काहीतरी कारण उरलं होतं.

एक दिवस त्या खाली गेल्या, तर शिंपीण दारातच उभी.

"आज राहू दे सिस्टर."

"का गं? ताप आहे का मास्तरांना?"

"नाही, झोपलेत."

आतून मास्तरांचा खणखणीत आवाज आला, "कोण आहे? सिस्टर आल्या का?"

"पेपरवाला आहे, बाबा!" शिंपीण आत वळून ओरडली, आणि तिने दार लोटलं.

सिस्टर बंद दाराशी उभ्या राहिल्या. मग दाराला तोंड लावून हळूच म्हणाल्या, "पट्टीला वास येतोय का गं? एवढं तरी सांग." आतून मशीन चालू झाल्याचा आवाज आला.

हे इशारेबाईला संध्याकाळी कळलं. ती तशीच, पायातली चप्पलही न काढता खाली गेली. शिंपीण कुणाच्या तरी परकराला दुमड घालत होती.

"ताई, काय चालवलंय हे? वर्षभर ज्या बाईने तुमच्या सासऱ्याचा पाय हातात घेतला, तिला दारातून परत पाठवता? आणि पेपरवाला म्हणता?"

शिंपिणीने मान वर केली नाही. "वहिनी, मला कळतं का नाही कळत? मालिका आहे, खोटी आहे, सगळं कळतं. पण मन मानत नाही हो. हे ट्रक घेऊन रस्त्यावर असतात रात्रंदिवस. घरात काही बरंवाईट झालं तर मला कोण आहे?"

"मग हॉस्पिटलात तरी न्या मास्तरांना. जखम अशी ठेवू नका."

"नेणार ना. हे आले की नेणार. तोवर मी करते पट्टी."

"तुम्हाला जमते?"

"जमेल."

बोलण्यात उद्धटपणा असता तर इशारेबाई भांडली असती. पण ती बाई खरंच घाबरलेली होती. घाबरलेल्या माणसाशी कसं भांडायचं, हे तिला कळेना. ती वर आली आणि भांडी आपटत बसली. तो ट्रक लवकर आला नाही. सिस्टर रोज पिशवी भरायच्या, तळमजल्यापर्यंत उतरायच्या आणि दाराबाहेरून विचारून यायच्या, "आज काय म्हणतोय पाय?" उत्तर ठरलेलं, "बरा आहे." मग एक दिवस जिन्यातच त्यांना तो वास आला. इतकी वर्षं वॉर्डात काढलेली बाई. त्यांनी दार ठोठावलं नाही, बडवलं. शिंपिणीने उघडलं नाही. सिस्टरनी आपल्या मुलाला फोन केला, त्याने येऊन दार उघडायला लावलं, गाडी बोलावली, आणि तापाने बेशुद्ध पडलेल्या मास्तरांना इस्पितळात नेलं तेव्हा सगळी इमारत जिन्यात उभी राहून बघत होती.

पाय गेला. गुडघ्याखालून कापावा लागला.

आता तरी लोकांचे डोळे उघडावेत की नाही? छे! संध्याकाळपर्यंत जिन्यात बोलणं सुरू, "बघितलंत? ती दाराशी जायची रोज. दार बंद होतं तरी सोडलं नाही तिने." इशारेबाई दूध घेऊन येत होती. तिच्या कानावर ते पडलं, आणि दुधाची पिशवी फेकून मारावी असं तिला अगदी मनापासून वाटलं. तिने ती फेकली नाही, याचं तिला पुढे कित्येक दिवस वाईट वाटत राहिलं.

त्या दिवसापासून सिस्टरनी पिशवी भरणं बंद केलं. खिडकीशी बसून राहायच्या. पट्टी वाचायलाही उठायच्या नाहीत.

"आई, तू थोडे दिवस ताईकडे जाऊन ये ना," नवरा म्हणाला. त्याची बहीण दूरच्या शहरात होती. "वातावरण जरा निवळलं की आणतो परत."

"वातावरण निवळायचं असेल तर त्यांनी जावं ना कुठेतरी!" इशारेबाई कडाडली. "आईंनी का जायचं? यांचं घर आहे हे."

"अगं, पण तिलाच त्रास होतोय ना."

"त्रास देणाऱ्याला काही म्हणायचं नाही, आणि ज्याला होतोय त्यालाच उचलून बाजूला ठेवायचं. वा!"

"राहू दे गं," सिस्टर म्हणाल्या. "जाऊन येते."

निघायच्या दिवशी नवरा बॅग घेऊन खाली उतरला. निळी पिशवी खुंटीलाच राहिली. सिस्टर उंबऱ्याशी थांबल्या, सुनेच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जाते मी."

इशारेबाईने तो हात धरून ठेवला. "आई, असं काय म्हणता? ‘येते’ म्हणा."

"कशाला?" त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. "शेजारी ऐकतील."

आणि त्या गेल्या. जिन्यात एकही दार उघडं नव्हतं. इशारेबाई उंबऱ्यावर बसली आणि हमसाहमशी रडली, आणि रडता रडता तिला स्वतःचाच राग आला, कारण रडून कुणाचं काय वाकडं होणार होतं?

दुसऱ्या दिवशी काळोख्या खोलीत तिच्यापुढे नवा भाग आला. काळजीवाली आता एका बाळाच्या पाळण्याशी उभी होती. इशारेबाईने भाग शेवटपर्यंत पाहिला. मग तिने नेहमीचं वाक्य पुसून टाकलं आणि लिहिलं:

‘इशारा. या मालिकेत नवरा गेलेल्या बाईला अपशकुनी दाखवले आहे. हे साफ खोटे आहे. अशी बाई तुमच्या शेजारी राहत असेल, तर तिच्यासाठी दार उघडा.’

पट्टी तिच्याकडून थेट प्रसारणाला जायची. मध्ये ती तपासायचा त्रास कुणी घेत नसे. संध्याकाळी ती टीव्हीसमोर ताठ बसली. पट्टी आली. सगळी अक्षरं व्यवस्थित सरकत गेली आणि संपली. नवरा उशी पाठीशी ओढून घेत होता.

"वाचलंस?"

"काय?"

ती फोनकडे बघत बसली. आता फोन येईल, गदारोळ होईल, उद्या नोकरी जाईल. वरच्या मजल्यावरून तीच मालिका ऐकू येत होती, खालूनही तीच. घराघरात ती अक्षरं सरकून गेली होती आणि कुठूनही हूं की चूं नाही.

फोन आला, पण तो साहेबांचा नव्हता.

"वाचलं मी," सासूबाई म्हणाल्या. "चष्मा सापडेना, तशीच उठून पडद्याला नाक लावून वाचलं. छान लिहिलंयस गं. ‘कृपया’ तेवढं राहिलं."

"मुद्दामच नाही घातलं. आई, परत या ना तुम्ही."

"कुणी ‘या’ म्हटलं की येते," त्या म्हणाल्या. "मी दारात उभी राहायची आणि समोरून ‘या’ यायचं नाही. ते फार लागायचं गं."

दुसऱ्या दिवशी साहेब नेहमीसारखे हसत होते. "इशारेबाई, कालचा भाग कसला पेटला!"

"कालची पट्टी वाचलीत?"

"कसली पट्टी?"

तिने सांगितलं, शब्दन्‌शब्द. साहेबांचा चेहरा आधी पडला, मग त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. "नशीब! ते वाचतं कोण? पण पुन्हा असलं काही करू नका."

"मी रोज करणार."

"अहो, असं काय करता? तुमचं काम काय, लोकांना सावध करायचं..."

"तेच करतेय की! पहिल्यांदाच करतेय. माझ्या सासूबाईंना घर सोडावं लागलं साहेब. एका म्हाताऱ्याचा पाय गेला. आणि मी इथे बसून ‘रक्तपात’ लिहीत होते. ते रक्त रंगाचं होतं हो!"

साहेबांनी सवयीने खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"मग ते काम दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल," ते म्हणाले.

"द्या. आणि त्यालाही सांगा, खरं काय ते लिही म्हणावं."

ती पर्स उचलून बाहेर पडली. लख्ख ऊन होतं. इतक्या दिवसाउजेडी ती कधी घरी आली नव्हती. ती वर गेली नाही. सरळ तळमजल्यावरच्या दारातून आत शिरली. शिंपीण मशीनवर होती. ती काही म्हणायच्या आत इशारेबाई आतल्या खोलीत गेली.

मास्तर पलंगावर टेकून बसले होते. चादर एका बाजूला सपाट होती. तिला बघून त्यांनी आधी मागे, दाराकडे बघितलं.

"सिस्टर नाही आल्या?"

"नाही."

"त्या का येईनाशा झाल्या गं? ही म्हणते, त्यांना आता झेपत नाही. पण मला वाटतं, मी एकदा पट्टी घट्ट झाली म्हणून ओरडलो ना, त्याचाच राग आला त्यांना. त्यांना सांग, म्हातारा चुकला."

बाहेर मशीन थांबलं.

इशारेबाईने सांगितलं. काहीही वगळलं नाही. पेपरवाला, बंद दार, दाराला तोंड लावून विचारलेला प्रश्न, जिन्यातला वास. मास्तर ऐकत होते आणि त्यांचा हात चादरीच्या सपाट भागावरून फिरत होता.

"रोज यायच्या?" त्यांनी विचारलं. "मग मला तो आवाज ऐकू यायचा, तो खरा होता तर."

शिंपीण दारात येऊन उभी होती. तोंडाला पदर, डोळ्यांना धार. "मला काय माहीत हो बाबा? सगळेच म्हणत होते..."

"सगळ्यांचे पाय शाबूत आहेत," मास्तर म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड वळवलं.

इशारेबाई पलंगाच्या पायथ्याशी गेली, मास्तरांच्या डाव्या पायाचा अंगठा हलकेच दाबला आणि म्हणाली, "येते हं."

मास्तर वळले. "या," ते म्हणाले. "आणि त्यांना घेऊन या. अजून एक पाय आहे म्हणावं बघायला."

ती बाहेरच्या खोलीत आली. दाराशी थांबली आणि मागे वळली, अगदी त्या मालिकेतल्यासारखी मान वळवून नाही, सगळीच्या सगळी वळली. शिंपीण मशीनपाशी उभी होती. जिन्यात दोनचार दारं किलकिली झाली होती, त्यांच्या फटींतून डोळे दिसत होते.

"येते हं, ताई," इशारेबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

शिंपिणीचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. जिन्यात कुणीतरी दार लावून घेतलं.

इशारेबाई हलली नाही. ‘या’ एवढ्याशा एका अक्षरासाठी सासूबाई दूरच्या शहरात खिडकीशी बसून होत्या, आणि ते अक्षर घेतल्याशिवाय आज ती वर जाणार नव्हती.

"ताई," ती पुन्हा म्हणाली, "मी ‘येते’ म्हटलंय." आणि उत्तराची वाट बघत ती त्या उघड्या दारात उभी राहिली.